कॅम्पर ट्रेलरमध्ये वेगळा फ्रीझर: आधी रात्रीचा हिशेब, मग खोका

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून उत्तरेला निघालं की जेराल्डटन सव्वाचारशे किलोमीटर, कार्नार्व्हन नऊशे आणि एक्समाउथ साडेबाराशे. मधल्या रोडहाउसवर डिझेल मिळतं, पाव-बटाटे मिळतात, बर्फाच्या पिशव्या मिळतात. ओलं खोबरं मिळत नाही. मी वेंगुर्ल्याची. खोबऱ्याशिवाय दोन दिवस काढता येतात, दहा दिवस नाही. जुलैच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही पाच जणं एक्समाउथजवळच्या केप रेंज राष्ट्रीय उद्यानात मुक्काम करतो. समोर निंगालूचा प्रवाळ, मागे डोंगर, आणि मुक्कामाच्या जागी वीज नाही, पिण्याचं पाणी नाही. जे लागेल ते सोबत न्यायचं.

आमच्या कॅम्पर ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या, तंबू उघडणाऱ्या ट्रेलरमध्ये, ६० लिटरचा फ्रीज आधीपासून होता. त्याच्या वरच्या कप्प्याला विकणाऱ्याने फ्रीझर म्हटलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यातलं वाटण पातळ झालं. चौथ्या दिवशी नवऱ्याने आणि मुलाने किनाऱ्यावरून गळाने धरलेले व्हायटिंग मऊ पडू लागले. व्हायटिंग म्हणजे आपल्या मुडदुशीच्या कुळातला मासा, तीच लांबट चण आणि तीच गोडी. दोन किलो मासे टाकून द्यावे लागले. कोणाचंच जेवणात लक्ष लागलं नाही. परत आल्यावर मी वही घेतली आणि वेगळा फ्रीझर कसा बसवायचा ते शिकायला लागले. त्याला आता पाच वर्षं झाली. एकदा चुकून आणि एकदा नीट, असा दोनदा बसवला. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे.

पहिला प्रश्न सगळे विचारतात तो असा: दोन कप्प्यांचा एकच मोठा फ्रीज का नको? आधीचा फ्रीज विकून तसा घेता येतो, आणि जागा खरंच कमी असेल तर तोच घ्यावा. मी वेगळा घेतला त्याची कारणं साधी आहेत. एक मशीन बंद पडलं तर दुसरं उरतं, कारण कॉम्प्रेसरवाल्या बहुतेक १२ व्होल्टच्या फ्रीझरचं तापमान ४ अंशांवर आणलं की तो फ्रीज होतो. परतीच्या वाटेवर रिकामा झालेला फ्रीझर सरळ बंद करता येतो, तेवढी वीज वाचते. आणि घरी दिवाळीत, गणपतीत गॅरेजमध्ये तो जादा फ्रीझर म्हणून चालतो.

मशीन कॉम्प्रेसरचंच घ्या. गॅस, १२ व्होल्ट आणि घरची वीज अशा तिन्हींवर चालणारे शोषण पद्धतीचे फ्रीज ट्रेलर वाकडा उभा असला की नीट चालत नाहीत आणि उन्हाळ्यात दमतात. थर्मोइलेक्ट्रिक कूलर स्वस्त दिसतात, पण ते बाहेरच्या हवेपेक्षा साधारण २० अंशच खाली जातात. बाहेर ३५ असेल तर आत १५. त्यात मासा गोठणार नाही, नासेल. चांगल्या १२ व्होल्टच्या फ्रीझरमध्ये बहुतेक वेळा सेकॉपचा, म्हणजे पूर्वीच्या डॅनफॉसचा, बीडी३५ जातीचा कॉम्प्रेसर किंवा त्याच तोडीचा दुसरा असतो. झाकण वरून उघडणारं हवं. थंड हवा जड असते, वरून उघडलं की ती पेटीतच राहते. पुढून दार उघडलं की पायांवर सांडते.

आकार किती? आमच्या पाच जणांना दहा दिवसांसाठी ४० लिटर पुरतो. मोठा घेण्याचा मोह होतो, पण रिकामी जागा थंड करायलाही बॅटरीच झिजते, आणि भरला तर वजन वाढतं.

रात्रीचा हिशेब

फ्रीझरची किंमत, रंग, झाकणातला दिवा हे सगळं नंतर. आधी हे ठरवा की सूर्य मावळल्यापासून दुसऱ्या दिवशी सौर पॅनलवर नीट ऊन येईपर्यंत ट्रेलरला किती वीज लागते. जुलैत संध्याकाळी पाचपासून सकाळी नऊपर्यंत, म्हणजे १६ तास. कागदावर छापलेल्या आकड्यांवर जाऊ नका. ते आकडे बहुतेक वेळा फ्रीज म्हणून, ४-५ अंशांवर चालवून काढलेले असतात. उणे १५ ची गोष्ट वेगळी आहे.

मी काय केलं: बॅटरीच्या ऋण टोकावर शंट बसवला, म्हणजे किती अँपिअर-तास गेले ते पडद्यावर दिसतं (एक अँपिअर तासभर घेतला की एक अँपिअर-तास). फ्रीझर गॅरेजमध्ये ठेवला, त्यात पाण्याने भरलेल्या बाटल्या घातल्या, त्या पूर्ण गोठू दिल्या आणि मग ४८ तास आकडे लिहिले. कॉम्प्रेसर चालू असताना साडेचार ते पाच अँपिअर घेत होता. दिवसा २२ अंश असताना २४ तासांत ३६ अँपिअर-तास गेले. जानेवारीत, इथल्या उन्हाळ्यात, गॅरेज ३८ ला पोचलं तेव्हा हीच चाचणी परत केली, ५८ गेले. मी हिशेबाला ४५ धरते. फ्रीजचे ३०, दिवे, पाण्याचा पंप आणि फोन मिळून ८. एकूण दिवसाला ८३.

आता बॅटरी. १०० अँपिअर-तासांची एजीएम, म्हणजे बंद शिसे-आम्लाची, बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. म्हणजे वापरायला ५० मिळतात आणि वजन ३० किलोच्या आसपास. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये ८० ते ९० वापरता येतात आणि वजन त्याच्या निम्म्याहून कमी. आमच्याकडे आधी एक एजीएम होती. ८३ च्या हिशेबात ती एक रात्रही धड काढत नव्हती. आता १०० च्या दोन लिथियम आहेत, म्हणजे निदान १६० वापरण्याजोगे. आकाश भरून आलं तरी जवळजवळ दोन दिवस निघतात.

आणि परत भरायचं कसं? छतावर २०० वॉटचं पॅनल आहे. एक्समाउथला जुलैत दिवसाकाठी साधारण पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतकं ऊन मिळतं. उष्णता, धूळ, आडवं बसवलेलं पॅनल यात पाव भाग गेला असं धरलं तर ७५० वॉट-तास, म्हणजे ५८ अँपिअर-तासांच्या आसपास. कमी पडतं. म्हणून १२० वॉटचं घडीचं पॅनल वेगळं ठेवलं आहे, ते उन्हाकडे वळवता येतं, त्यातून आणखी ३५ मिळतात. मिळकत ९३, खर्च ८३. दहाचीच शिल्लक आहे. ट्रेलर झाडाच्या सावलीत लावला तर तीही नाही. सावलीत ट्रेलर आणि उन्हात पॅनल, असं लांब वायर देऊन जमवावं लागतं.

मासे गोठवणार असाल तर त्याचा खर्च वेगळा मांडा. हे कोणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून लिहिते. घरून गोठवून नेलेलं गार ठेवणं आणि ताजं गोठवणं यात फार अंतर आहे. पाण्याचा बर्फ होताना किलोमागे ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते, आणि माशात तीन चतुर्थांश पाणीच असतं. २५ अंशांवरचा एक किलो मासा उणे १५ पर्यंत न्यायचा तर साधारण ३७० किलोज्यूल: शून्यापर्यंत आणायला ९०, गोठवायला २५०, त्याखाली न्यायला ३०. पाच किलो मासे म्हणजे, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता धरून, बॅटरीतून ३५ अँपिअर-तासांच्या आसपास जातात. दहाच्या शिल्लकीत ते बसत नाहीत.

म्हणून मासे थेट फ्रीझरमध्ये कधी टाकत नाही. शीतपेटीत रोडहाउसचा बर्फ आणि समुद्राचं पाणी मिसळून गाळासारखं करायचं, मासा पकडला की त्यात. तो शून्याच्या जवळ येतो, आणि पाव खर्च बर्फाने उचललेला असतो. मासाही ताठ राहतो. मग साफ करून, पुसून, सकाळी दहा वाजता पॅनलवर ऊन आल्यावर फ्रीझरमध्ये, एका वेळी दीड-दोन किलोच. संध्याकाळी मासे भरू नका. रात्रभर कॉम्प्रेसर थांबणार नाही आणि पहाटे बॅटरी खाली बसलेली असेल.

जागा आणि वजन

ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक कॅम्पर ट्रेलरना पुढे, ड्रॉबारवर, म्हणजे गाडीला जोडणाऱ्या दांड्यावर, मोठी पेटी असते. इथे लोक तिला नाकपेटी या अर्थाचंच नाव देतात. फ्रीझरला तीच जागा बरी. ती बाहेरून उघडते, तंबू न उघडता वाटेत वाटण काढता येतं, आणि झोपायच्या भागात आवाज येत नाही.

मशीन विकत घेण्याआधी त्याच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका बनवा. झाकण उघडं धरून, हँडल आणि हवेच्या जाळीसमोरची जागा धरून. हा खोका पेटीत ठेवून पाहिला तेव्हा मला कळलं की मला आवडलेल्या मशीनचं झाकण पेटीच्या छताला चार बोटांवर अडतं आहे. खाली सरकपट्टी, म्हणजे बाहेर ओढता येणारा ट्रे, बसवला की खोका उघड्यावर येतो आणि प्रश्न सुटतो. सरकपट्टीला आत आणि बाहेर अशी दोन्हीकडे कडी हवी. उतारावर उभ्या असलेल्या ट्रेलरमधून भरलेला फ्रीझर आपणहून बाहेर आला तर माणसाच्या गुडघ्यावर येतो. तिच्यावर लिहिलेली भारक्षमता फ्रीझर अधिक आतला माल याच्या निदान दीडपट बघून घ्या.

वजनाचा हिशेब आम्ही असा केला. फ्रीझर २० किलो, सरकपट्टी १७, माल २५. एकूण ६२. हे सगळं चाकांच्या पुढे बसतं, त्यामुळे त्यातला बराच भाग गाडीच्या टो बॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर, येतो. बॉलपासून चाकांच्या आसापर्यंत ३.७ मीटर आणि आसापासून फ्रीझर २.३ मीटर पुढे. ६२ गुणिले २.३ भागिले ३.७, म्हणजे ३९ किलो बॉलवर जादा. आमचा भरलेला ट्रेलर आधी १,३८० किलो होता आणि बॉलवर १२८. फ्रीझर बसल्यावर १,४४२ आणि १६७. बॉलवरचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावा असं इथे धरतात. आमचा साडेअकरा झाला. मग पुढे ठेवलेले पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन चाकांच्या बरोबर वर आणले, त्याने २१ किलो कमी झाले. वजनकाट्यावर परत नेऊन पाहिलं. पूर्ण भरलेला ट्रेलर, पूर्ण भरलेल्या टाक्या, तसाच न्या. रिकामा मोजून काही कळत नाही. ट्रेलरच्या पाटीवरची कमाल मर्यादा आणि गाडीच्या पुस्तकातली टो बॉलची मर्यादा या दोन्हींच्या आत असायलाच हवं.

बॉलवर भार नको म्हणून फ्रीझर अगदी मागे, स्वयंपाकाच्या ओट्याच्या बाजूला टाकायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. तसं करू नका. मागे वजन वाढलं की ट्रेलर ताशी ९०-१०० च्या वेगात डोलायला लागतो.

गॅसचा सिलिंडर आणि बॅटरी किंवा फ्रीझर एका कप्प्यात ठेवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो, आणि विजेच्या कुठल्याही जोडणीत ठिणगी पडू शकते. लिथियम बॅटरीबद्दल इथलं २०२२ चं मानक आहे, एएस/एनझेडएस ३००१.२. माणसं राहतात-झोपतात त्या भागापासून ती बंद आवरणाने वेगळी असावी आणि तिची हवा बाहेर जावी असं त्याचं सांगणं. नाकपेटीत बॅटरी ठेवली तर हे पाळणं सोपं जातं. विम्याच्या कागदांसाठी बसवल्याचे फोटो आणि बिलं जपून ठेवा.

केबल

माझी पहिली चूक इथे झाली, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पहिल्यांदा फ्रीझर बसवला तेव्हा गाडीच्या सुट्या भागांच्या एका दुकानात मी पाच मीटर केबल मागितली, पाच अँपिअरसाठी. काउंटरवरच्या माणसाने ४ मिमीची दिली. मी समजले ४ चौरस मिलिमीटर तांबं. घरी नेऊन जोडली, टोकाला सिगारेट लायटरचं सॉकेट. दिवसा सगळं छान. दुसऱ्या रात्री दोन वाजता फ्रीझरचा दिवा लाल, कॉम्प्रेसर बंद. बॅटरीवर मल्टीमीटर लावला तर १२.१ व्होल्ट, म्हणजे रिकामी नव्हती. कॉम्प्रेसर पुन्हा सुरू व्हायला गेला तेव्हा फ्रीझरच्या सॉकेटवर लावला तर ११.३.

ऑस्ट्रेलियात ऑटो केबलचा जो आकडा सांगतात तो वरच्या आवरणासकट पूर्ण तारेचा व्यास असतो. ४ मिमीच्या ऑटो केबलमध्ये तांबं असतं १.८४ चौरस मिलिमीटर. ६ मिमीच्यात ४.६ च्या आसपास. बी अँड एस नावाचं माप याहून वेगळं: ८ बी अँड एस म्हणजे जवळपास ८ चौरस मिलिमीटर, ६ बी अँड एस म्हणजे १३.५. तिथे आकडा कमी तर तार जाड. दुकानात जाल तेव्हा एकच वाक्य बोला, "तांबं किती चौरस मिलिमीटर ते सांगा."

हिशेब तुम्हीच करू शकता. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या १ मीटर तारेचा रोध सुमारे ०.०१७५ ओहम. अंतर पाच मीटर असेल तर जाणं-येणं मिळून दहा मीटर धरायचे. दहा गुणिले ०.०१७५, भागिले तांब्याचं क्षेत्रफळ, गुणिले अँपिअर. माझ्या ४ मिमीच्या ऑटो केबलमध्ये पाच अँपिअरला ०.४८ व्होल्ट वाटेतच गेले, बाकीचे लायटरच्या सैल सॉकेटमध्ये. त्याच जागी ८ बी अँड एस टाकली तर ०.११ व्होल्ट. केबलच्या किमतीत फरक एका जेवणाच्या खर्चाएवढाही नव्हता.

फ्रीझरमध्ये बॅटरी वाचवायची सोय असते, व्होल्टेज ठरावीक पातळीखाली आलं की तो स्वतः बंद होतो. माझ्या मशीनमध्ये तीन पातळ्या आहेत आणि तेव्हा मधली, ११.४ ची, लावलेली होती. गाडी सुरू करायच्या बॅटरीवर फ्रीझर चालवत असाल तर सगळ्यात वरची पातळी ठेवा, नाहीतर सकाळी गाडी चालू होणार नाही. ट्रेलरची वेगळी बॅटरी असेल तर खालची ठेवता येते. आता मी खालची ठेवते आणि शंटच्या पडद्यावर लक्ष ठेवते.

दुसऱ्यांदा बसवताना असं केलं. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो बॅटरीजवळच हवा. फ्रीझरजवळ लावला तर मधली तार घासून चासीला टेकल्यावर त्याचा काही उपयोग नाही. तिथून ८ बी अँड एसची दुहेरी केबल. ऋण तारही पूर्ण बॅटरीपर्यंत परत आणली, चासीवर सोडली नाही, कारण समुद्रकाठी चासीवरचे बोल्ट गंजतात आणि रोध वाढतो. तांबं कल्हई केलेलं घेतलं. पत्र्यातून केबल जाते तिथे रबरी कडं, बाकी लांबीभर चिरलेली प्लास्टिकची नळी आणि दर वीस सेंटिमीटरला पट्टी.

लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायचे धातूचे जोड, दाबायला षटकोनी जबड्यांचा क्रिंपर भाड्याने आणला. पक्कडीने ठोकून चपटे केलेले लग वर्षभरात सैल होतात. डाग (सोल्डर) दिला नाही, कारण डाग जिथे संपतो तिथे तार कडक होते आणि कच्च्या रस्त्याच्या थरथरीने तिथेच तुटते. वरून डिंकवाली आकसणारी नळी. फ्रीझरच्या टोकाला लायटरचं सॉकेट काढून करडा ५० अँपिअरचा अँडरसन प्लग लावला. तो हिसडा बसून निसटत नाही. प्लगला सरकपट्टीबरोबर पुढे-मागे होण्याइतकी केबल सैल सोडा, आणि ती चिमटत नाही ना ते ट्रे दहा वेळा ओढून बघा.

गाडी चालू असताना ट्रेलरची बॅटरी भरायला गाडीपासून ६ बी अँड एसची केबल, दोन्ही टोकांना फ्यूज, मागे अँडरसन प्लग आणि ट्रेलरमध्ये २५ अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर. नव्या गाड्यांचे अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर वीज तयार करणारी यंत्रं, इंधन वाचवायला व्होल्टेज मधूनच खाली आणतात, त्यामुळे सरळ तार जोडून बॅटरी पूर्ण भरत नाही. चार्जर ते वर उचलतो. चार्जरवर बॅटरीची जात लिथियम अशी बदलायला विसरू नका. पर्थ ते कार्नार्व्हन नऊ-दहा तास गाडी चालली की दोन्ही बॅटऱ्या काठोकाठ.

घरच्या २४० व्होल्टच्या कायम जोडणीला मी हात लावला नाही. ऑस्ट्रेलियात ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच आहे.

हवा आणि धूळ

बंद पेटीत फ्रीझर म्हणजे बंद खोलीत चूल. कॉम्प्रेसर आतली उष्णता काढून पेटीत सोडतो, ती बाहेर गेली नाही तर तीच परत खेचतो. उन्हात उभ्या पेटीत मी ५१ अंश मोजलेत. फ्रीझरच्या जाळीसमोर निदान चार बोटं मोकळी हवीत. खाली एका बाजूला हवा आत यायला भोक, विरुद्ध बाजूला वर बाहेर जायला. वरच्या भोकावर संगणकातला १२० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा, त्याला ४० अंशांवर चालू होणारा छोटा तापमान-स्विच. पंखा दोन-तीन वॉट खातो आणि कॉम्प्रेसरचं चालणं लक्षात येण्याइतकं कमी करतो.

धुळीचा प्रश्न उरतो. लाल मातीच्या रस्त्यावर तीच भोकं धूळ आत ओढतात. म्हणून दोन्ही भोकांना बाहेरून बंद होणारी झाकणं आहेत आणि आत धुता येणारा फोम. कच्चा रस्ता लागला की थांबून झाकणं लावायची, फ्रीझर तेवढा वेळ बंद. भरलेला, गोठलेला फ्रीझर दोन-तीन तास बंद राहिला तर काही होत नाही. मुक्कामी पोचल्यावर झाकणं उघडायची आठवण म्हणून मी त्यांची किल्ली तंबूच्या खुंट्यांच्या पिशवीत ठेवते. तंबू ठोकायला खुंट्या काढल्या की किल्ली विसरता येत नाही.

भरणं

निघायच्या आदल्या दिवशी फ्रीझर घरच्या विजेवर उणे १८ ला लावा आणि जे घालायचं ते घरच्या फ्रीझरमध्ये आधीच दगड झालेलं असू द्या. गरम किंवा मऊ काही घालायचं नाही.

डबे नकोत. डब्यांच्या मध्ये हवा राहते. मी सगळं पिशव्यांत दोन सेंटिमीटर जाडीचं सपाट गोठवते आणि पुस्तकांसारखं उभं लावते: भाजक्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, खवलेला ओला नारळ, तिरफळांसह वाटलेला बांगड्याचा मसाला, सोलकढीसाठी नारळाचं दूध, उसळी, आणि मध्ये कागद घालून पोळ्या. कडेवर नाव आणि दिवस. झाकण उघडून शोधत बसायला लागू नये, पाच सेकंदात हात आत आणि बाहेर. सुट्टीत कधीकधी आषाढी एकादशी येते, म्हणून किसून वाफवलेल्या रताळ्याची एक पिशवी असते. कोकम आणि सुकी मासळी फ्रीझरमध्ये जागा अडवायला नेऊ नका. माशांच्या काट्याने पिशवीला भोक पडतं, म्हणून काट्याच्या बाजूला जाड कागदाची घडी घालून मग हवा काढून सील करते.

रिकाम्या कोपऱ्यांत मिठाच्या पाण्याच्या बाटल्या. ८५० ग्रॅम पाण्यात १५० ग्रॅम साधं मीठ, हे पाणी उणे ११ च्या सुमारास गोठायला लागतं. दिवसा उन्हाची वीज असते तेव्हा फ्रीझर उणे १८ वर ठेवते, बाटल्यांत बर्फ धरतो. रात्री उणे १० वर आणते. तो बर्फ वितळता वितळता थंडी धरून ठेवतो आणि कॉम्प्रेसर मध्यरात्री फारसा बोलत नाही. बाटली काठोकाठ भरू नका, गोठताना फुगते. आणि त्यावर मोठ्या अक्षरात मीठ असं लिहा, मुलं तहानेने उघडतात.

फ्रीझरच्या मधोमध बिनतारी थर्मामीटरचा कांडा ठेवा. मशीनच्या पडद्यावरचा आकडा भिंतीजवळचा असतो, मधला मासा त्याहून तीन-चार अंश वर असू शकतो.

गोठवायची सोय झाली म्हणून मासे वाटेल तितके धरायचे नाहीत. पश्चिम ऑस्ट्रेलियात जवळ बाळगण्याच्या माशांवर मर्यादा आहे आणि फ्रीझरमधले मासेही त्यात मोजले जातात. यांत्रिक होडीतून मासेमारीला परवाना लागतो. निंगालूच्या अभय क्षेत्रांत मासेमारीला बंदी आहे, त्यांचा नकाशा निघण्याआधी फोनवर उतरवून घ्या, तिथे नेटवर्क मिळत नाही. आम्ही दोन जेवणांपुरते धरतो आणि शेवटच्या दिवशीचे तेवढे घरी नेतो.

पहिल्या लांबच्या प्रवासाआधी दोन रात्री जवळच कुठेतरी काढा. आम्ही लान्सलिनला गेलो होतो, पर्थपासून दीड तासावर. काही चुकलं तर घर जवळ असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्रेसर चालू असताना फ्रीझरच्या प्लगवर आणि बॅटरीवर व्होल्टेज मोजा. फरक पाव व्होल्टपेक्षा जास्त असेल तर कुठलीतरी जोडणी सैल आहे, ती हाताला गरमही लागेल. सरकपट्टीचे बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटर कच्च्या रस्त्यानंतर पाना लावून पुन्हा आवळा. आमचे चारातले दोन सैल झाले होते, आता नायलॉनचे लॉकनट आहेत.

घरी आल्यावर फ्रीझर बंद करून झाकण उघडं ठेवा, बर्फ आपोआप वितळू द्या. सुरीने खरवडू नका, भिंतीतली नळी फुटली की मशीन गेलं. खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून घ्या, कोरडं करा, आणि झाकणाच्या फटीत लाकडी उलथनं अडकवून ठेवा, म्हणजे हवा खेळती राहते. बॅटरी पूर्ण भरून नाही, निम्म्याच्या वर भरून ठेवा, आणि फ्यूज काढून तो त्याच उलथन्याला रबराने बांधा. पुढच्या जुलैत झाकण लावायला उलथनं काढलं की फ्यूज हातात येतो.